पट्टीवाल्यांच्या घरचं विमान

४ जानेवारी

बारके,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतेस आणि आई शेजारी बसून सगळं ऐकते, म्हणून हा कागदी खटाटोप. शिवाय बाबांचा नियम होताच की, विमानाचं काम तोंडी नाही, लेखी.

तर मला एक विमान भाड्यानं घ्यायचं आहे. हसू नकोस. मार्चमध्ये आई ऐंशीची होतेय आणि आजवर तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आहे. मागच्या खेपेला मी निघताना दारात म्हणाली, "एकदा पट्टीवर नेऊन आण रे मला." मी हो हो केलं आणि विसरलो. आता तिकडच्या कचेरीतून कळलं की एकतीस मार्चला गावची ती विमानाची धावपट्टी कायमची बंद होणार. डांबर उखडून तिथं सौर पॅनेल बसवणार आहेत. गाडीनं न्यायचं तर तुझ्याकडून नऊ तास, आणि रस्ता सगळा वळणांचा. म्हणून विमान.

हल्ली मला ते सगळं सारखं आठवतं. पत्र्याची कचेरी, वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी पिशवी, आणि तो सामानाचा मोठा काटा. आधी टपालाच्या थैल्या तोलायच्या, मग माणसं. गावातले पुढारी काट्यावर चढायला लाजायचे आणि बाबा चारचौघांत आकडा मोठ्यानं वाचायचे. वाऱ्याची पिशवी चढवणं, गुरं हाकलणं, वजनं, नोंदी, सगळं त्या एका माणसाच्या गळ्यात. गावभर आपण पट्टीवाल्यांची मुलं. शाळेतल्या नव्या बाईंना वर्षभर वाटत होतं की बाबा लाकडी पट्ट्या विकतात.

आणि त्यांचं ते पालुपद आठवतं? "एकदा या पट्टीवर जेट उतरलेलं बघायचंय." उतरलं नाही ते नाहीच. बाबा गेले तेव्हा मला कुठल्याच विमानात जागा मिळाली नाही, दोन दिवस उशिरा पोचलो. त्याची भरपाई होत नसते हे मला कळतं. पण जेट तरी उतरवावं म्हणतो.

विमानं ठरवून देणारे एक गृहस्थ गाठले आहेत. त्यांनी आठ जणांचं एक जेट दाखवलं. पांढऱ्या चामड्याच्या खुर्च्या आहेत. तू, मी, आई, तुझी वहिनी, तुझा नवरा, मुलं, सगळे मावतो. गृहस्थांना आईचं वजन हवंय, तिचे पाय कसे आहेत ते हवंय आणि तुझंही वजन हवंय. खरं लिही. तुला बारकी म्हणायला लागून पन्नास वर्षं झाली.

आईला एवढ्यात बोलू नकोस.

दादा

१३ जानेवारी

दादा,

नमस्कार, आणि लगेच भांडण. माझं वजन एक्क्याऐंशी किलो आहे. घे, आता बाबांसारखं चारचौघांत वाचून दाखव.

आईचं शेहेचाळीस. तब्येत ठीक. नोव्हेंबरात न्हाणीघरात घसरली होती ते तुला कळवलंच होतं. मुका मार होता. आता बरी आहे.

तुझं पत्र दुकानातच उघडलं. दुपारी औषधाला कोणी येत नाही, तेव्हा निवांत वाचलं आणि काउंटरखाली डोकं घालून थोडी रडलेही. मग डोळे पुसून कागद घेतला, कारण पट्टीवाल्यांची मुलगी मीही आहे. तुझ्या गृहस्थांना विचार : त्या जेटला पायऱ्या किती, दार किती रुंद, आणि आत माणसाला ताठ उभं राहता येतं का? तू पाठवलेल्या फोटोत सगळे जण बसलेलेच आहेत.

मला विचारशील तर मला ते मंगळवार-शुक्रवारचं विमानच आवडायचं. एका पंख्याचं, पोट सुटलेलं, मागच्या बाजूला हे एवढं दार. त्या दारातून टपाल गेलं, कोंबड्यांची खुराडी गेली, शिवणयंत्र गेलं, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांची अख्खी खुर्ची आली होती, आठवतं? तू तिच्यावर बसून सगळ्यांना तोंड उघडून दाखवत होतास. विमान दिसायच्या आधी ऐकू यायचं आणि आई लगेच चहाचं आधण ठेवायची. पंखा थांबेपर्यंत कप भरलेला असायचा. वैमानिक उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि आईला दर वेळी म्हणायचा, "वहिनी, पट्टी एकदम स्वच्छ." आई लाजून आत पळायची. मला वाटायचं, नवऱ्याचं कौतुक ऐकून लाजते.

काल भाजी निवडताना तिला सहज विचारलं, तुला पट्टीवर काय बघायचंय? घर पाडलं, कचेरीचे पत्रे उडाले. म्हणाली, "बघायचं काही नाही. जायचंय." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

आणखी एक. आपल्या पट्टीवर जेट खरंच उतरतं का? तू तिची लांबी कधी मोजलीस?

बारकी

२१ जानेवारी

बारके,

लांबीचं गृहस्थांनीही विचारलं. फारच प्रश्न विचारतो हा माणूस. मला वाटलं होतं विमान भाड्यानं घेणं म्हणजे रंग निवडायचा आणि निघायचं. हा विचारतो, माणसं किती, बॅगा किती, कोणाला वाकता येत नाही, पट्टी डांबरी की मातीची, तिथं इंधन मिळतं का. इंधनाची टाकी तर वीस वर्षांपूर्वीच काढून नेली. जेटला परतीचं इंधन सोबत नेता येईल, म्हणाले. पायऱ्या पाच आहेत, जरा अरुंद. आत वाकावं लागतं. पण आपण दोघं आईला हाताला धरून नेऊ की, त्यात काय एवढं.

लांबीचा सरकारी कागद कोणाकडेच नाही. तिकडच्या कचेरीत फाइल सापडत नाही म्हणे. पण मी कोणाचा मुलगा! बाबांची शेवटची नोंदवही माझ्याकडे आहे, त्यांच्या मागे मी तेवढी एकच वस्तू मागून घेतली होती. सहा वर्षं, रोज सकाळी एकच ओळ. "पट्टी पाहिली. १४२० पावलं. दगड नऊ, उचलले. ठीक." दगडांचा आकडा तेवढा बदलतो, पावलं कायम. मी बाबांच्याच उंचीचा आहे. माझ्या शीतगृहाच्या लांब बोळात चालून माझं पाऊल मोजलं, ऐंशी सेंटिमीटर भरलं. म्हणजे पट्टी अकराशे छत्तीस मीटर. गृहस्थ म्हणाले, खरंच अकराशेच्या वर असेल तर जेट जमेल.

बारके, ती वही वाचताना माझा ऊर भरून येतो. त्या सहा वर्षांत बाबांची कंबर गेलेली होती. सुटीत घरी आलो की दिसायचं ना आपल्याला, खुर्चीतून उठताना कसे टेबल धरायचे ते. आणि हा माणूस रोज पहाटे चौदाशे वीस पावलं जायचा, तेवढीच परत यायचा, वाकून दगड उचलायचा. एक दिवसाचा खाडा नाही. मी माझ्या कामगारांना दर वर्षी ही गोष्ट सांगतो. आता पाठ झाली आहे त्यांना, पण ऐकून घेतात.

तर जेट ठरल्यात जमा. तारीख चौदा मार्च.

दादा

२ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र बसून वाच. जेट ठरवू नकोस. ठरवलं असलंस तर थांबव.

तुझं पत्र आल्यावर मी माळ्यावरची बाबांची आधीची वही काढली. आईनं ती कागदपत्रांत बांधून ठेवली होती. त्यात पट्टी १०७० पावलं आहे. रोज. बारा वर्षं. मग एका सोमवारपासून एकदम १४२०. मी विचार केला, पट्टी वाढवली असेल. पण कधी? रोलर आला असता, मजूर आले असते, आपण सुटीभर तिथं पडीक राहिलो असतो. मला तसलं काही आठवेना. म्हणून शेवटी आईला विचारलं. तुझा बेत फुटला, माफ कर.

ती म्हणाली, "पट्टी कशाला वाढेल?"

"मग बाबांची पावलं लहान झाली का? कंबरेमुळे?"

यावर म्हणाली, "चहा ठेव."

चहा ठेवला. प्यायला. कप खाली ठेवून म्हणाली, "ती माझी पावलं आहेत."

दादा, मी तुला तिच्याच शब्दांत सांगते, कारण माझ्याच्यानं दुसऱ्या शब्दांत सांगवत नाही. "ह्यांची कंबर गेली तेव्हा तुम्ही दोघं शिकायला बाहेर होतात. कंबर गेलेला माणूस पट्टीवर ठेवत नाहीत. नोकरी गेली असती, घर गेलं असतं, तुमची शिक्षणं अर्ध्यावर राहिली असती. मग मी म्हटलं, मी बघून येते. पहिल्या दिवशी ह्यांनी खिडकीतून पाहिलं. परत आल्यावर विचारलं, पावलं किती? मी म्हटलं, एक हजार चारशे वीस. म्हणाले, माझी तर एक हजार सत्तर होतात. मी म्हटलं, तुम्ही ताडमाड आहात. ते म्हणाले, पण जी मोजलीस तीच लिहिणार. वहीत खोटं लिहायचं नाही."

म्हणून त्यांनी तिची पावलं लिहिली. "पट्टी पाहिली" एवढंच लिहिलं, कोणी पाहिली ते लिहिलं नाही. हा बाबांचा खरेपणा! मी हसले की रडले मला सांगता येणार नाही. ओट्यामागच्या गुलाबाच्या आळ्याला दगडांची दुहेरी कड होती बघ. आपल्याला वाटायचं बाबा आणतात.

मी म्हटलं, कोणालाच कळलं नाही? म्हणाली, "त्या वैमानिकाला ठाऊक असणार. वरून सगळं दिसतं. पण बोलला नाही कधी." आणि लाजली रे, दादा. ऐंशीव्या वर्षी.

आता हिशेब कर. आईचं पाऊल साठ सेंटिमीटर, पट्टी साडेआठशे मीटर. बाबांच्या जुन्या आकड्याला तुझे ऐंशी लाव, तेच येतं. मी तुझ्या गृहस्थांना परस्पर फोन केला. (तोंडी. बाबा मला क्षमा करोत.) ते म्हणाले, साडेआठशेवर हे जेट उतरणार नाही. विमानवाल्यांनी आधी माणूस पाठवून मोजलंच असतं आणि ऐन वेळी नकार दिला असता. मग मोठ्या विमानतळावर उतरून चार तास गाडी, आणि चार तास परत.

ते चार तास आईला झेपले नसते, कारण मी तुझ्याशी खोटं बोलले. नोव्हेंबरात मुका मार नव्हता. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, आत पट्टी आणि स्क्रू आहेत. दिवसा एक नर्सबाई येतात. ती वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाते आणि घामाघूम होते. तुझा तेव्हा शीतगृहाचा नवा भाग सुरू होत होता. आई म्हणाली, त्याला कळवू नकोस, सगळं टाकून धावत येईल. मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

पाच अरुंद पायऱ्या ती चढू शकत नाही. वाकून तर मुळीच नाही. तेव्हा मला एकच सांग, दादा. हे विमान तू कोणासाठी ठरवतोयस? बाबांसाठी ठरवत असलास तर मला समजतं. पण बसणार आई आहे.

बारकी

१९ फेब्रुवारी

दादा,

सतरा दिवस झाले. फोनवर तू आईशी हवापाण्याचं बोलतोस आणि मला द्यायच्या आत ठेवतोस. रागावला असशील तर रागाचं पत्र लिही, पण लिही. आईनं काल कॅलेंडरवर चौदा मार्चभोवती पेन्सिलीनं गोल केला. मला वाटतं तुला हे ठाऊक असावं.

बारकी

२४ फेब्रुवारी

बारके,

रागावलो होतो. आधी तुझ्यावर, खुब्याचं लपवलंस म्हणून. तो राग अजून थोडा आहे, भेटल्यावर काढीन.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. तुझं पत्र आलं त्या आठवड्यात आमच्या कामगारांचा वार्षिक मेळावा होता. मी नेहमीप्रमाणे बोलायला उभा राहिलो. "माझे वडील रोज पहाटे" इथपर्यंत आलो आणि थांबलो. तीस वर्षं मी चुकीच्या माणसाची गोष्ट सांगत होतो. खाली बसलो. लोकांना वाटलं, मला चक्कर आली. तुझ्या वहिनीनं लिंबू सरबत पाजलं.

मग मी ती वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. मला माझ्याच डोळ्यांची लाज वाटली. ज्या मे महिन्यात मी टायफॉइडनं आजारी होतो आणि आई दिवसरात्र उशाशी होती, त्या महिन्यातसुद्धा रोज ओळ आहे. म्हणजे मला झोप लागलेली बघून ती जाऊन आली. मी जागा व्हायच्या आत परत आली. मला कधी कळलंच नाही की ती उठून गेली होती.

तू विचारलंस, विमान कोणासाठी. बाबांसाठी, आणि त्याहून जास्त माझ्यासाठी. उशिरा पोचलेल्या मुलाला भपक्यानं पोचायचं होतं. आता लिहून टाकलं, बरं वाटलं.

जेट रद्द केलं. गृहस्थांना मी नीट सांगितलं, आई अशी आहे, पट्टी एवढी आहे, सांगा आता. ते म्हणाले, "हे आधीच सांगितलं असतंत तर मी तुम्हाला खुर्च्यांचा रंग दाखवलाच नसता." त्यांनी एका पंख्याचं विमान सुचवलं. मागं मोठं दार. रॅम्प लावून आईची व्हीलचेअर सरळ आत ढकलता येते, वाकायला नको. पट्टी पुरते. सव्वा तास लागेल. आवाज फार करतं म्हणाले. मी म्हटलं, करू दे.

पण परतीचं इंधन, रॅम्प, व्हीलचेअर आणि आखूड पट्टी हे सगळं धरलं तर वैमानिक सोडून तीनच माणसं बसतात. आई, तू आणि नर्सबाई. "माझी जागा तू घे" असलं काही लिहिशील म्हणून आधीच सांगतो, तू तिला धरायला लागतेस, तुझ्याशिवाय ती कोणाचा हात धरत नाही. आणि त्यांना जमिनीवर एक माणूस हवाच आहे. पट्टीला वर्षभर कोणी हात लावलेला नाही. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी कोणीतरी ती पूर्ण चालून, साफ करून, ठीक आहे असं लेखी कळवल्याशिवाय विमान निघणार नाही. मी गाडीनं पुढं जातो. सोबत झाडू, फावडं आणि मोठी फीत नेणार आहे. या खेपेला पावलं नाहीत, मीटरमध्ये मोजणार.

दादा

३ मार्च

दादा,

आईला सगळं सांगितलं. कोणतं विमान ते ऐकून तिनं एकच विचारलं, "मागच्या दारानंच चढायचं ना?" मी हो म्हटलं. "मग बरं," म्हणाली. नर्सबाईंनी विचारलं, जेटमध्ये नसतं का बसायला आवडलं? तर म्हणते, "जेट वेगात असतं. खालचं काही दिसत नाही."

ती रोज चालायचा सराव करतेय. न्हाणीघर झालं, मग दिवाणखाना, काल दारापर्यंत गेली. डॉक्टर म्हणतात फार ताण नको. मी म्हटलं, तुम्हीच सांगून बघा तिला.

विमानात एक किलोही जास्त नको म्हणून तुझ्या गृहस्थांनी सगळ्यांची वजनं पुन्हा मागवली. मी आता ऐंशी किलो आहे. कळव त्यांना.

बारकी

१८ मार्च

बारके,

शीतगृहात बसलोय पण लक्ष लागत नाही. तू विमानात होतीस, म्हणून जमिनीवरचं तुला सांगतो.

तेरा तारखेला दुपारी पोचलो. पट्टी आहे तिथंच आहे, कडेनं गवत चढलंय. फीत धरायला तिथला पॅनेलवाल्यांचा पहारेकरी आला. आठशे चौपन्न मीटर भरली. दगड मोजायचे सोडून दिले, गाडीच्या डिकीत भरले. चौदाच्या सकाळी पुन्हा पूर्ण चाललो. छप्पन्न वर्षांचा माणूस, गोळ्या खाऊन रक्तदाब सांभाळणारा, एका फेरीत माझी कंबर धरली. आई हे सहा वर्षं रोज करत होती आणि मग येऊन घरचं सगळं करत होती.

मग आवाज ऐकू आला, आधी नुसता आवाज. बारके, मी दहा वर्षांचा झालो. मी हात हलवत पट्टीच्या कडेनं धावलोसुद्धा, त्या पहारेकऱ्यासमोर.

पुढचं तू पाहिलंसच. दार उघडलं, रॅम्प लागला, तुम्ही तिला खाली आणलंत. मी पुढं झालो. मला वाटलं होतं, ती मला जवळ घेईल, काहीतरी बोलेल. बाबांचं काहीतरी. तिनं वॉकर मागितला. मी एका बाजूनं धरलं, तू दुसऱ्या बाजूनं धरलंस. आणि तिनं तुझा हात झटकला, मग माझा. "सोडा रे," म्हणाली. "मागं थांबा." आणि निघाली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी पावलं मोजली, त्रेसष्ट. नर्सबाई जायला निघाल्या तर त्यांनाही हातानं थांबवलं. तिथं एकटीच उभी राहिली, पाठ आपल्याकडे करून, किती वेळ. परत आली तेव्हा चेहरा असा होता की मला काही विचारायचा धीर झाला नाही. विमानात बसली, मला एक टाटा केला, गेली.

मला कळतं, ऐंशी वर्षांच्या बाईकडून काय अपेक्षा करायची. पण मनाला लागलं. तिनं आपल्यासाठी एवढं सोसलं, मला तिथं तिच्या पायावर डोकं ठेवायचं होतं. तिनं हातही धरू दिला नाही. तुझ्याशी ती काही बोलली का? माझं काही चुकलं का?

दादा

२५ मार्च

चिरंजीव थोरल्यास, आईचा आशीर्वाद.

पत्र बारकीच्या नावाचं होतं, मी उघडलं. विमानाचं पत्र म्हणजे घरातल्या सगळ्यांचं, हे तुझ्या बापानंच ठरवलेलं होतं. बारकी दुकानात आहे. हात थरथरतो, अक्षर लावून घे.

तुझं काही चुकलं नाही. विमान अगदी योग्य होतं. पाठ अवघडली नाही, वाकावं लागलं नाही, खिडकीतून नदी दिसली. पट्टी तू स्वच्छ ठेवली होतीस. मी वरूनच पाहिलं.

पण तुम्ही दोघं भावंडं मिळून माझी जी गोष्ट करायला लागला आहात ती बंद करा. सोसलं, सोसलं असं लिहिलं आहेस. मी काही सोसलं नाही. हे मी बारकीला सांगितलं नाही, कारण ती रडायला लागली होती आणि रडणाऱ्या माणसाला काही सांगता येत नाही. म्हणून तुला सांगते.

पहिले आठ दिवस मी नाइलाजानं गेले, ते खरं आहे. भीती वाटायची, साप असेल, कोणी बघेल. नवव्या दिवशी कंबर जरा बरी वाटली म्हणून हे म्हणाले, आज मी जातो. आणि मला वाईट वाटलं. मीच घाईनं म्हटलं, नको नको, तुम्हाला त्रास होईल. त्यानंतर सहा वर्षांत दोन-तीनदा तरी त्यांना जाता आलं असतं. मी जाऊ दिलं नाही. हे कोणाला ठाऊक नाही, आता तुला ठाऊक झालं.

लग्न झालं तेव्हा मी अठरा वर्षांची होते. तेव्हापासून मी एकटी अशी कधी नव्हतेच. आधी सासूबाई, मग तुम्ही, मग हे आजारी. सगळ्यांचं सगळं करायला मला आवडलं, तक्रार नाही. पण त्या पट्टीवर मागं कोणी हाक मारत नव्हतं. दोन्ही बाजूंना मोकळं रान, वर एवढं मोठं आभाळ, आणि मी मोठ्यानं आकडे म्हणत चालायची. कधी आकडे सोडून गाणंही म्हणायची. टोकाला पोचले की जरा वेळ उभी राहायची. परत यायची घाई असायची तरी राहायची. तेवढा अर्धा तास मी कोणाची कोणीच नव्हते. मला फार सुख व्हायचं रे.

तुझ्या टायफॉइडात गेले त्याचं तुला कौतुक वाटलं. कौतुक करू नकोस. तू तापानं फणफणला होतास आणि मला तिथं जावंसं वाटलं, म्हणून गेले. परत येताना पळत आले आणि तुझ्या कपाळाला हात लावला. आजवर ते माझ्या मनाला खात होतं. तुझ्या पत्रातली ती ओळ बारकीनं मला वाचून दाखवली तेव्हा मी उठून आत गेले.

आता कळलं का मी कशाला आले होते? तुझ्या बापाची आठवण घरातही येते, त्यासाठी विमान नको. मला ती पट्टी एकदा एकटीला हवी होती. तू एवढा खर्च केलास, एवढा राबलास, आणि मी तुलाच मागं थांब म्हटलं. दुसरं कोणी असतं तर मला इतकं सहज म्हणता आलं नसतं. पण तू माझा मुलगा आहेस, तू थांबशील हे मला माहीत होतं, आणि तू थांबलास.

पायावर डोकं ठेवू नकोस. मे महिन्यात ये आणि चार दिवस राहा. मी आता दारापर्यंत जाते, तू आलास की रस्त्यापर्यंत जाऊ.

त्याच्या पुढं एकटीला जायचं झालं की मी सांगीन. तिथं हात सोड.

आई